बाल्कनी नसलेली खोली

लॉज, खोली नंबर सात
६ जानेवारी

धाकटे,

सुखरूप पोचले. मामंजींचं ऑपरेशन परवा झालं. खुब्यात पट्टी बसवलीय आणि पायाला वजन लटकवून ठेवलंय. डॉक्टर म्हणाले, महिना-दीड महिना हलवायचं नाव काढू नका. जन्मभर कंडक्टरकी केली, येणाऱ्याजाणाऱ्याला "सांभाळून उतरा" म्हणण्यात आयुष्य गेलं, आणि मित्राला भेटायला आले ते स्वतःच पायरी चुकले! मी हे बोलून दाखवलं तर म्हणतात, "हल्लीच्या कंडक्टरांत राम नाही. त्यानं मला सांगितलंच नाही सांभाळून उतरा म्हणून." म्हणजे पाय मोडला तरी जीभ शाबूत आहे. काळजी नसावी.

पुरुषांच्या वॉर्डात बायकांना संध्याकाळनंतर थांबू देत नाहीत, म्हणून समोरच हा लॉज घेतलाय. लॉज म्हणायचं आपलं. लोखंडी खाट, तिच्यावर पापडासारखी गादी, एक बादली, एक मग, आणि भिंतीवर पाटी: "खोलीत स्वयंपाक करू नये." करणार कशावर, माझ्या डोक्यावर? न्हाणीघर व्हरांड्याच्या टोकाला, सगळ्यांचं मिळून एक. खिडकी उघडली की शेजारच्या गोदामाची भिंत. किल्लीला हा एवढा लाकडी ठोकळा बांधलाय, पर्समध्ये मावत नाही. गाव इतकं शांत की दुपारी कुत्रं रस्त्याच्या मधोमध झोपतं आणि सायकलवाले त्याला वळसा घालून जातात.

फोन काउंटरवर आहे आणि मॅनेजर कान टवकारून बसलेला असतो. आपल्याकडचाही फोन शेजारच्या दुकानातला. तेव्हा पत्रच बरं.

आता ठकीचं. तिला माझ्याशिवाय कुणाच्या हातची वेणी चालत नाही. ओढाताण करू नकोस, गुंता खालून वर सोडवायचा. दूध गाळून दे, सायीला नाक मुरडते. सहा वर्षांची घोडी झाली तरी घास भरवावा लागतो. संध्याकाळी रडेल. मी कधी एक दिवस तिला सोडून राहिलेली नाही. रडली तर कळव, लपवू नकोस.

यांना सांग, दुसऱ्या पाळीवरून आल्यावर थंड जेवू नका.

तुझी
वहिनी


घर
११ जानेवारी

वहिनी,

पत्र मिळालं. थोरल्या भावजींना वाचून दाखवलं, ते पायरीच्या गोष्टीला खूप हसले.

तुम्ही उगीच धसका घेतलात. ठकी एक टिपूससुद्धा काढत नाही! पहिल्या दिवशी जरा दाराकडे बघत बसली, मग मी मशीनवर बसले तशी चिंध्या गोळा करायला आली. आता बटणांचा डबा तिच्या ताब्यात आहे. दूध सायीसकट पिते. हातानं जेवते, सांडते थोडं, पण जेवते. कौतुक म्हणून सांगते हं, नाहीतर तुम्हाला वाटायचं.

एक गोष्ट तुम्हाला विचारायला हवी होती, पण वेळ नव्हता. शाळेत उवा झाल्यात. बाईंनी निरोप पाठवला, केस स्वच्छ करा नाहीतर पोरीला घरी ठेवा. दोन दिवस फणीनं बसले, पण एवढ्या दाट केसांत कुठं शोधणार? शेवटी मशीनवरची कात्री घेतली आणि कानापर्यंत कापले. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेईल. तर आरशात बघून म्हणते कशी, "मी काकूसारखी दिसते!"

खरं सांगू, तुमचाच हेवा वाटतो. एकटीची खोली, आतून कडी, कुणी हाक मारणारं नाही. इथं शाळेच्या गणवेशांची ऑर्डर आलीय, त्यात दोघांचे डबे, थोरल्या भावजींच्या पाळ्या, आणि आमचे हे ट्रक घेऊन गेले की आठवडाभर पत्ता नाही. मी म्हटलं होतं ना, मामंजींकडे मी जाते? पण त्यांनी निरोप काय धाडला, "थोरलीला पाठवा." लग्नाला सात वर्षं झाली, मला अजून "अगं ए" म्हणतात. गंमत आहे.

तुमची
धाकटी


लॉज
१५ जानेवारी

धाकटे,

केस कापलेस ते बरं केलंस. जन्मापासून वाढवले होते एवढंच. न्हायच्या दिवशी ते वाळवायला मला अर्धी सकाळ लागायची, आता तुझी ती सकाळ वाचली. काकूसारखी दिसते म्हणाली? छान. काकूकडूनच घ्यावं काय घ्यायचं ते.

माझा हेवा वाटतो म्हणतेस तो अगदी रास्त आहे. मॅनेजर भला माणूस निघाला. माझी अडचण पाहून त्यानं मला पुढच्या बाजूची खोली दिली. मोठी खिडकी, बाहेर बाल्कनी, बाल्कनीत वेताची खुर्ची. समोर बाग. सकाळी चहा खोलीत आणून देतात, किटलीतून. मामंजींना दोन वेळा भरवून आले की माझा वेळ माझा. बाल्कनीत बसून मासिकं वाचते. लग्न झाल्यापासून मी पुस्तक उघडलं नव्हतं. खरंच सांगते, घरी यावंसं वाटत नाही.

मामंजी माझ्याशिवाय कुणाच्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत. काल नर्सनं गोळी दिली तर तोंड फिरवलं, "माझी थोरली येऊ दे." आजूबाजूचे पेशंट विचारतात, मुलगी का? ते म्हणतात, मुलीहून बरी.

ठकी रडत नाही हे वाचून जीव भांड्यात पडला.

वहिनी


घर
१९ जानेवारी

वहिनी,

तुमचं बाल्कनीचं पत्र वाचता वाचता मशीन चालवत होते, सुई बोटात गेली. खोटं नाही सांगत, चिंधी गुंडाळून लिहितेय. किटलीतून चहा! इथं माझा चहा रोज थंड होतो आणि मी तो उभ्यानं पिते.

असू दे. ज्याचं त्याचं नशीब.

ठकीच्या शाळेत छोटासा कार्यक्रम झाला. तिला फुलपाखरू केलं होतं. पंख मी शिवले, अस्तराच्या कापडाचे, कडेला उरलेली चंदेरी नाडी. सगळ्यांत उठून दिसत होती. नाचताना एकदा पडली, पण उठून पुन्हा नाचली, आणि संपल्यावर स्टेजवरून थेट माझ्याकडे धावत आली. नव्या बाई म्हणाल्या, "आई हौशी दिसते." एवढ्या गर्दीत कुणाकुणाला समजावत बसायचं?

ठकीला तुमची बाल्कनी बघायचीय, मलाही. येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघी येतो. परतीची गाडी संध्याकाळी आहे, म्हणजे दिवसभर मिळेल. एका वेताच्या खुर्चीत तिघी मावू ना?

धाकटी


घर
३० जानेवारी

थोरल्या जाऊबाईंस,

आम्ही रविवारी घरी नीट पोचलो. हे कळवायला इतके दिवस लावले, कारण लिहायला बसले की कागद बाजूला सारून मशीनवर जाऊन बसायचे.

खोली सात नंबरचीच होती. बाल्कनी नव्हती, खुर्ची नव्हती. गोदामाची भिंत होती. त्याचं मला काही वाटलं नाही, उलट दार उघडल्यावर तुमचा उतरलेला चेहरा बघून तुम्हाला जवळ घ्यावंसं वाटलं. मी काही बोलणार होते. पण ठकी माझ्यामागे लपली, आणि सगळं तिथंच बिनसलं.

वहिनी, पोरं अशीच करतात. तीन आठवड्यांनी आई दिसली, अनोळखी जागा, लाजली. पाच मिनिटांत तुमच्या मांडीवर आली असती. तुम्ही पाच मिनिटं दिली नाहीत. तिला दंडाला धरून ओढलंत, ती किंचाळली, आणि मग तुम्ही मला म्हणालात, "पोर हवंय तर स्वतःचं काढ, माझं ओढू नकोस."

सात वर्षं लोक मला वाकडंतिकडं बोलतात. डॉक्टर झाले, औषधं झाली, ते सगळं तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच माझ्याबरोबर यायचात. म्हणून तुमच्या तोंडून ते येईल असं वाटलं नव्हतं. गाडीत ठकीनं विचारलं, "काकू, पोर काढ म्हणजे काय?" मी म्हटलं, चित्र काढतात ना, तसं. घरी आल्याबरोबर तिनं मला एक पोर काढून दिलं. मोठं डोकं, काडीसारखे हात, पायात बूट. "घे, आता तुला झालं," म्हणाली.

ते मी मशीनच्या खणात ठेवलंय.

यापुढं कामापुरतं लिहीन. थोरल्या भावजींचा खोकला कमी आहे. ठकी शाळेत जाते. गणवेशांची ऑर्डर पुरी झाली.

धाकटी


लॉज, खोली नंबर सात
४ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र उशीखाली ठेवून झोपता येत नाही आणि फाडूनही टाकवत नाही. जे बोलले ते बोलले. तोंडातून गेलेलं परत गिळता आलं असतं तर मी काट्यांसकट गिळलं असतं. माफ कर म्हणायलासुद्धा मला लाज वाटते, पण म्हणते.

तरीही खोटं पुरे झालं, म्हणून खरं लिहिते. तू वाईट काही केलं नाहीस, हेच मला सोसवलं नाही. माझ्या पोरीचे हाल झाले असते, ती झुरली असती, तर मी रडले असते पण आतून सुखावले असते. अशी कसली आई असते? तू लिहायचीस, हसते, जेवते, साय खाते. प्रत्येक ओळ मला टाचणीसारखी टोचायची. सहा वर्षं मी जी साय गाळत बसले, ती तुझ्याकडे चार दिवसांत पोटात गेली! मग मी ती बाल्कनी बांधली. म्हटलं, जळते ना मी, मग तूही जळ.

मामंजींना मी काही सांगितलं नव्हतं. त्यांची भाजी मी खाली लॉजच्या चुलीवर करून नेते. पण म्हातारा डोळे मिटून सगळं बघतो.

"थोरले, भाजीत मीठ नाही."

"विसरले."

"काल दोनदा घातलं होतंस. धाकटीशी वाजलं वाटतं."

मी पुढचा घास केला. तर म्हणाले, "माझ्या गाडीत दोन बायका जागेवरून भांडायला लागल्या की मी काय करायचो माहीत आहे? हिला उठवून तिच्या जागी बसवायचो आणि तिला हिच्या. दोन स्टॉप गेले की आपसूक गप्प. दोन्ही सीटचे खिळे सारखेच टोचतात."

म्हणून लिहिते. डॉक्टर अजून तीन आठवडे म्हणतात. तू इकडे ये, मी घरी जाते. हे मी मोठ्या मनानं करतेय असं समजू नकोस. मला माझी पोर हवीय. तुझ्या मशीनपासून, तुझ्या बटणांच्या डब्यापासून लांब, माझ्यापाशी हवीय. आणि तुलाही एकटीची खोली हवी होती. घे. शनिवारच्या गाडीनं ये. किल्ली काउंटरवर ठेवते. आपण समोरासमोर आलो नाही तर बरं, मला तुझ्याकडे बघवणार नाही.

वहिनी


लॉज, खोली नंबर सात
१४ फेब्रुवारी

वहिनी,

आठवडा होत आला. कामापुरतंच लिहीन म्हटलं होतं, पण या खोलीत दुसरं बोलायला कुणी नाही.

आल्या आल्या कडी लावली आणि खाटेवर पसरले. काय सुख वाटलं सांगू! ते सुख सुमारे तासभर टिकलं. मग पंख्याची टकटक ऐकू यायला लागली, मग पलीकडच्या खोलीतल्या औषधविक्याचं घोरणं, मग काहीच नाही. इतकं काहीच नाही की मी उठून बादली उगीच इकडची तिकडे ठेवली. वहिनी, तुम्ही इथं महिना काढलात. वर माझ्यासाठी बाग लावलीत, किटली आणलीत. मी असते तर मला खोटं बोलायलासुद्धा सुचलं नसतं.

मॅनेजर मला म्हणाला, "तुमच्या जाऊबाई बऱ्या आहेत का? रोज शाळा सुटायच्या वेळी पायरीवर येऊन बसायच्या. पोरं गेली की वर जायच्या." हे तुम्ही कुठल्याच पत्रात लिहिलं नाहीत.

मामंजींनी पहिले दोन दिवस माझ्या हातचं खाल्लं नाही. "अगं ए, थोरली कुठंय?" मी म्हटलं, "थोरली उतरली, आता हीच गाडी आहे. बसायचं तर बसा." टकमक बघत राहिले, मग एवढे हसले की नर्स धावत आली. त्यांच्या दवाखान्यातल्या अंगरख्याला मागून नाड्या नव्हत्या, सारखे संकोचायचे. मी बसून नाड्या लावून दिल्या. आता वॉर्डातले सगळे आपापले अंगरखे पाठवतात आणि मामंजी ऐटीत सांगतात, "आमची धाकटी शिवते." धाकटी म्हणाले, वहिनी. हे मी तुम्हाला जळवायला लिहितेय असं समजा हवं तर. थोडं आहेच तसं.

आणखी एक. यांचा ट्रक या वाटेनं जाणार होता, तर हे एक दिवस राहिले. लग्नानंतर पहिल्यांदा आम्हाला आमची अशी खोली. तिकडे मधे पडदा, पलीकडे तुम्ही, अलीकडे मामंजींचा खोकला. इथं मोठ्यानं हसलं तरी चालत होतं. आम्ही मोठ्यानं हसलो. पुढचं लिहीत नाही.

तुमचं ते बोलणं अजून गेलेलं नाही. भात करपला की पातेलं कितीही घासलं तरी काही दिवस वास राहतो ना, तसं आहे. जाईल. तुम्ही घाई करू नका.

ठकी कशी आहे? विचारणार नव्हते. आता माझीच पाळी आलीय पायरीवर बसायची. खरं तेच लिहा, गोड लागलं नाही तरी.

धाकटी


घर
१९ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र आल्यावर मी आधी एक उत्तर लिहिलं. त्यात होतं, ठकी मजेत आहे, तुझं नावही काढत नाही. डकवायच्या आधी वाचून बघितलं आणि चुलीत घातलं.

खरं असं आहे. मी आले तेव्हा ती दारातच उभी होती. यांनी शिकवून ठेवलं होतं बहुतेक, पळत येऊन बिलगली. दोन दिवस मला सोडेना. मी मनात म्हटलं, बघ, शेवटी रक्त ते रक्त. तिसऱ्या दिवशी शाळेतून आली, दप्तर टाकलं, मशीनवरचं कापड उचलून बघितलं, आणि विचारलं, "आई, तू कधी जाणार?" रागानं नाही विचारलं. पाहुण्याला विचारतात तसं.

मी तिच्यासाठी काय काय केलं म्हणतेस? दूध गाळलं, तर साय कुठं गेली म्हणून रुसली. घास भरवायला गेले, तर हात बाजूला केला. केस विंचरायला बसले, तर विंचरायला आहे काय, दोन मिनिटांत संपलं. मग मी फणी हातात घेऊन तशीच बसले. बटणांचा डबा उघडून ती मला प्रत्येक बटण कुठल्या कापडाचं ते सांगते, आणि मी चुकले की म्हणते, "काकूला येतं." धाकटे, तू इथं नाहीस तरी या घरात माझ्यापेक्षा जास्त आहेस. भांडी तू लावलीस तशी आहेत, यांना चहा तुझ्यासारखा हवाय. जळून कोळसा झाले. हे सगळं तुला कळवायचं नव्हतं, पण तू खरं मागितलंस.

तुमच्या खोलीतल्या हसण्याचं वाचलं आणि त्यावरही जळले, तेही सांगून टाकते. आम्हाला नाही कुणी लॉज दिला! यांना म्हटलं, पुढच्या वेळी मामंजी पडले की आपण दोघं जाऊ. हे म्हणाले, तोंड सांभाळ.

काल दुपारची गोष्ट. शाळेला सुट्टी होती. ठकी जेवून झोपली, मीही शेजारी आडवी झाले. डोळे मिटलेलेच, तिनं माझ्याकडे पाठ केली आणि म्हणाली, "काकू, पाठ." मला काही उमजेना. मग चिडून, "काकू, खाजव ना." ही सवय माझ्या वेळची नाही. ही तू लावलीस. माझ्या पोटची पोर, आणि तिला काय हवंय ते मला झोपेत बडबडल्यावर कळतंय! उठून जावं, तिला गदागदा हलवून सांगावं, डोळे उघड, बघ कोण आहे, असं मनात आलं. हात उचललासुद्धा होता.

मग तोच हात तिच्या पाठीवर ठेवला आणि खाजवायला लागले. तिला बरं वाटलं, अंग सैल सोडलं. थोड्या वेळानं झोपेतच कुरकुरली, "काकू, तुझी नखं लागतात." मी काही बोलले नाही. बोलले असते तर आवाजावरून ओळखलं असतं.

ती उठायच्या आत मी सगळी नखं कापून टाकली.

वहिनी